मुलीकडचा सखाराम

सखाराम, तुझ्या शोकसभेला मी कामशेतला आलो होतो आणि मधूनच उठून गेलो, हे तुला एव्हाना कुणीतरी कळवलंच असेल. तालुक्याच्या गावाहून आलेले एक पुढारी तुला मनमिळाऊ म्हणाले, तिथपर्यंत मी दात आवळून बसलो होतो. मग भातगिरणीवाल्यांपैकी एकजण उठला आणि गहिवरून म्हणाला, 'भाऊंनी उभ्या जन्मात कुणाशी वाद घातला नाही.' तेव्हा मात्र मी चपला शोधायला लागलो. मागून कुणीतरी हळहळलं, 'बाबूंना सहन झालं नाही बघा.' खरंच झालं नाही. पार्सल ऑफिसात जन्म काढला, फुटलेल्या बरण्या आणि हरवलेली गाठोडी यांवरून लोक काय काय थापा मारतात ते ऐकलं, पण इतकं खोटं एका बैठकीत कधी कानावर पडलं नव्हतं.

तू आणि मनमिळाऊ! बोटाएवढ्या माशांवरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडण चालवणारा तू. भांडण थंडावतंय असं वाटलं की मुद्दाम कामशेतहून गाडीत बसून लोणावळ्याला येणारा आणि ते पुन्हा पेटवून संध्याकाळच्या गाडीने समाधानाने परत जाणारा तू. आणि शेवटी काय केलंस? भांडण अर्ध्यावर टाकून मेलास. हरायची वेळ आली की पत्ते उधळून उठणारे लोक मी पाहिलेत, पण त्यासाठी कुणी जीव दिलेला पाहिला नव्हता.

तू प्रत्येक गोष्ट आपल्या सोयीने आठवायचास. म्हणून काय घडलं ते मीच एकदा लिहून टाकतो. आता मध्ये तोंड घालायला तू नाहीस, हा त्यातला फायदा.

खंडाळ्याकडच्या उतारावर बंगला घेऊन राहणारा तो जर्मन साहेब तुला आठवतच असेल. मुंबईच्या बोटींवरचे अधिकारी त्याच्या ओळखीचे होते आणि ते त्याला दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले मासे आणून द्यायचे. मुंबईहून ते पत्र्याच्या डब्यांतून गाडीने यायचे आणि माझ्या हातून उतरायचे. झाकणाला भोकं आणि आत हिंदकळणारं पाणी, असलं पार्सल माझ्या टेबलावर पूर्वी कधी आलं नव्हतं. तू त्याला इंद्रायणीची बारीक, चाळलेली वाळू पुरवायचास. त्या माशांना दिवसभर तोंड वाळूत खुपसून हुंगत बसायची खोड, आणि वाळू भरड असली तर त्यांच्या मिशा झिजतात, असं साहेब म्हणायचा. आपली ओळख झाली ती त्याच्या व्हरांड्यात, काचेच्या हौदापुढे. साहेब त्यांना कॉरिडोरस म्हणायचा. तू मिशाळ म्हणायचास. अंगावर चिलखतासारखे पत्रे, ओठांना मिशा, उगाच मधेच सुसाट वर जाऊन हवेचा घोट घ्यायचा आणि परत तळाशी येऊन निर्विकार बसायचं. त्यातला एक डोळा मिचकावतो हे प्रथम तुला दिसलं, आणि तो तुलाच मिचकावतो असं तू मरेपर्यंत मानत आलास.

मग लढाई सुरू झाली आणि जर्मन म्हणून साहेबाला धरून न्यायला पोलीस आले. सामान बांधायच्या गडबडीत त्याने आपल्या दोघांना बोलावलं आणि ते बारा मासे, दोन काचेचे हौद आपल्यापुढे ठेवले. 'दोघं मिळून सांभाळा,' म्हणाला. मिळून! माणसं ओळखण्यात तो साहेब अगदीच कच्चा होता. त्याच्या देशाचं पुढे जे झालं त्याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

वाटणी लोणावळा स्टेशनाच्या फलाटावर झाली. पहिली निवड तू मागितलीस, कारण काय, तर वाळू तुझी. मी म्हटलं, घे. तू डब्यावर वाकलास आणि बाजारात कोंबडी पारखावी तसा एकेक मासा पारखायला लागलास. 'ह्यो बग कसा भरलाय. ह्यो माजा. ह्यो रोडका, ह्यो तुजा.' सगळे गुबगुबीत तू उचललेस. रोडके माझ्या वाट्याला आले. मी ते खुशाल घेतले, कारण जाड ते म्हातारे आणि म्हातारे लवकर मरणार, असा माझा हिशेब होता. आपण दोघंही त्या दिवशी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूष होऊन घरी गेलो.

पहिल्याच आठवड्यात तू त्यातले दोन मारलेस. वहिनींनी देवासाठी भरून ठेवलेलं तांब्याच्या हंड्यातलं पाणी तू त्यांना दिलंस. तांब्याचं पाणी माणसाला औषध, तर माशाला का नाही, हे तुझं शास्त्र. त्याचा दोष मात्र तू माझ्या रेल्वेला दिलास, गाडीने हिसके दिले म्हणून. मी म्हटलं, हिसक्याने मासा मरत असता तर समुद्रात एक उरला नसता. तू म्हणालास, 'समुद्रात गाडी हाय व्हय?' असल्या माणसाशी मी दोस्ती ठेवली.

माझ्याकडे वेगळी तऱ्हा. आमच्या घरात माशांच्या खाण्याची गांडुळं आणायची नाहीत, असं हिने निक्षून सांगितलं, म्हणून माझा हौद बाहेरच्या पडवीत. लोणावळ्याची पडवी म्हणजे थंडीत हात बाहेर काढवत नाही. तरी मासे मजेत होते, कारण ते मूळचे थंड नद्यांतले, हे साहेबाने मला स्वतः सांगितलेलं होतं. तुलाही सांगितलं होतं, पण तू तेव्हा डोळा मिचकावणाऱ्याकडे बघत होतास. तू कामशेतला हौद माजघरात ठेवलास, तिवईवर, आणि तिवईखाली पेटता कंदील. सभोवती घोंगडी गुंडाळली, फक्त समोर बघायपुरती फट. पुढे लढाईत घासलेट रेशनवर आलं. वहिनी चुलीच्या उजेडात भाकऱ्या थापायच्या आणि कंदील माशांच्या बुडाखाली. गावात याबद्दल लोक काय बोलायचे ते तुला कुणी तोंडावर सांगितलं नाही. मी सांगितलं. तू म्हणालास, 'गाव गेलं खड्ड्यात. थंडीनं पोरी आखडत्यात.'

पोरी! त्या पोरी आहेत हा शोध वाटणीच्या पुढच्या वर्षीचा. साहेबाच्या त्याच बंगल्यात हवापालटाला आलेला एक पारशी डॉक्टर सहज माझ्या पडवीत डोकावला. वरून हौदात बघितलं आणि पोट धरून हसायला लागला. 'अरे बाबू, ह्यात बाई कुठे हाय? सगळा जेन्ट्स लोक हाय!' मादी वरून पाहिली की रुंद, भरलेली दिसते, नर सडपातळ. त्याच रविवारी मी कामशेतला आलो, घोंगडी बाजूला सारली, वरून पाहिलं. तुझ्याकडे एकही जेन्ट्स नव्हता. बाजारातली नजर तुझी, गुबगुबीत तेवढं उचलणारी. तू सगळ्या बायका उचलल्या होत्यास आणि मला सगळे बाप्ये ठेवले होतेस.

त्या दिवशी आपण किती हसलो! खरं सांगायचं तर सबंध ओळखीत मला तू सगळ्यात आवडलास तो त्या दिवशी. तू भुईवर बसलास, धोतराच्या सोग्याने डोळे पुसलेस, वहिनी काय झालं म्हणून धावत आल्या, आणि तुला त्यांना सांगताही येईना. तेव्हाच मी चार माद्या डब्यात घालून लोणावळ्याला नेल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हसू आवरल्यावर तू पागोटं नीट केलंस, आवाज बदललास आणि म्हणालास, 'मंग बाबू, वऱ्हाड कवा आणतूस?'

झालं. त्या क्षणापासून तू मुलीकडचा झालास आणि मी मुलाकडचा.

मला आधी गंमत वाटली. मी म्हटलं, 'वऱ्हाड आणतो, पण मुली नांदायला लोणावळ्याला.' तू म्हणालास, 'लगीन मुलीच्या दारात. ही रीत हाय का न्हाई?' मी म्हटलं, आहे. 'आन पयलं बाळंतपण माहेरी. ही बी रीत हाय का न्हाई?' मी म्हटलं, तीही आहे. 'मंग पोरी तुज्याकडं यायच्या कशाला?' माशांचं लग्न आणि बाळंतपण एकाच सकाळी उरकतं, ही तुझ्या बाजूची सोय होती आणि तू ती पुरेपूर वापरलीस. मग मीही मुलाकडच्यासारखा वागायला लागलो. मुलीकडच्यांनी आपली पायरी ओळखून बोलावं, मुलाकडचे कधी नमतं घेत नाहीत, आमचे मुलगे काय घरजावई आहेत का, हे सगळं मी तुला ऐकवलं. फलाटावर ऐकवलं, गाडीच्या खिडकीतून ऐकवलं, चार लोकांत ऐकवलं. लोक हसायचे. तू हसायचा नाहीस. मला वाटायचं, मुद्द्यात हरलास म्हणून तोंड पडलंय.

एकदा तडजोड जवळजवळ झाली होती. ना तुझं घर, ना माझं. मधल्या मळवलीला तिथल्या स्टेशनमास्तरांच्या खोलीत हौद मांडायचा, दोन्ही पक्षांनी आपापले डबे घेऊन यायचं. मास्तर भला माणूस, तयार झाला. पण हौदात पाणी कुणाकडचं भरायचं यावर तू अडलास. मी म्हटलं, रात्रभर बाहेर ठेवलेलं थंड पाणी, त्याशिवाय हे मासे अंडी घालत नाहीत, साहेबाचे शब्द आहेत. तू म्हणालास, 'थंड पाण्यात बाळंतीण मरती.' मी म्हटलं, मासा आहे तो, त्याला काय शेक-शेगडी हवी? तू डबा उचललास आणि आलेल्या गाडीत बसलास. ती गाडी पुण्याकडे जाणारी नव्हती, खंडाळ्याकडे जाणारी होती. इतका संतापला होतास. मी फलाटावर उभा राहून हसत होतो आणि मास्तर मला विचारत होता की हौदाचं आता काय करायचं.

तुझं एक मात्र मान्य केलं पाहिजे, आणि ते मी नाइलाजाने करतो. मला विषमज्वर झाला तेव्हा आपलं बोलणं बंद होतं. मी अंथरुणाला खिळलेला, आणि ही गांडुळांना हात लावणार नाही. माझे मासे उपाशी मरणार हे मी धरून चाललो होतो. पण तू रोज कामशेतहून यायचास. माझ्याशी एक शब्द नाही. पडवीत गांडुळं चिरून घालायचास, पाणी बदलायचास, 'काय हे पानी का बरफ' म्हणून खोकल्यासारखा आवाज काढायचास आणि निघून जायचास. माझ्या हौदालाही तू घोंगडी गुंडाळलीस. त्या दिवसांत माझे सगळे नर डब्यात घालून कामशेतला नेले असतेस तर मला पत्ताही लागला नसता. लग्न, बाळंतपण, सगळं तुझ्या दारात झालं असतं. पण तू नेले नाहीस. मी बरा झाल्यावर विचारलं, का नेले नाहीस? 'बोलावल्याबिगर आलेला जावई काय कामाचा,' म्हणालास. असला मूर्ख मानपान मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही, आणि त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, हे लिहिताना मला माझाच राग येतोय.

वर्षं गेली. तुझ्याकडे दोनच माद्या उरल्या, माझ्याकडे तीन नर. शेवटचं बोलणं भाद्रपदात, कामशेत स्टेशनवर. मी पुण्याहून येत होतो, तू फलाटावर कुणाला तरी पोचवायला आला होतास. खिडकीशी येऊन म्हणालास, 'तुजी पोरं म्हातारी झाली, बाबू. आता कोण देनार त्यास्नी मुली?' मी म्हटलं, 'तुझ्या पोरी तरी कुठे सोळा वर्षांच्या राहिल्यात?' गाडी हलली. तू काहीतरी ओरडलास, इंजिनाच्या आवाजात ते मला कळलं नाही. ते काय होतं हे आता कधीच कळणार नाही. तशी ही लहानशी गोष्ट, पण गेला महिनाभर मी तिच्यावरून डोकं फोडून घेतोय. बहुतेक शिवीच असेल.

दिवाळीनंतर तू गेलास. तेराव्यानंतर मी पुन्हा वहिनींना भेटायला आलो. त्या माजघरात हौदापुढे बसल्या होत्या. खाली कंदील जळत होता. मी म्हटलं, 'वहिनी, आता तरी हा वर घ्या, तुम्हांला उजेड होईल.' त्या म्हणाल्या, 'न्हाई भावजी. त्यांनी जाताना सांगितलंय, इझू द्यायचा न्हाई म्हनून.' मरतानाही तुला घासलेट जाळायची सोय बघून जाता आली. मी चिडलो. जे मनात होतं ते बोलून गेलो. म्हटलं, हट्टापायी त्याने हे मासे वांझ ठेवले, एवढा कसला माज माणसाला, चार दिवस लोणावळ्याला धाडले असते तर काय बिघडलं असतं?

वहिनी म्हणाल्या, 'आमच्या चंद्राला धाडली न्हवती का.'

तुझी लेक चंद्रा गेली हे मला ठाऊक होतं. आपली ओळख व्हायच्या आधीची गोष्ट. पहिल्या बाळंतपणात गेली, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. अशा मुली जातात, आपण चुकचुकतो आणि विषय बदलतो. पुढचं मला ठाऊक नव्हतं. 'पयलं बाळंतपण माहेरी म्हनून हे आणायला गेलते,' वहिनी म्हणाल्या. 'पवनेपल्याड, डोंगरातलं गाव. व्याही म्हनले, आमची सून आमच्याकडंच राहील, मुलीकडच्यांनी रीत शिकवू नये. हे तसंच परत आले. पुन्यांदा गेले, पुन्यांदा मोकळ्या हातानं आले. थंडीचे दिस. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी बी न्हवती म्हनं. निरोप आला त्यो तिला पोचवल्यावरच आला.'

सखाराम, आता तू नीट ऐक. हे मला सांगायला तुला कुणी अडवलं होतं? जीभ नव्हती? माझ्या तोंडून तू तीच वाक्यं ऐकलीस. मुलीकडच्यांनी पायरी ओळखावी. मुलाकडचे नमतं घेत नाहीत. मी हे चार लोकांत बोलायचो, लोक हसायचे, आणि तू उभा राहून ऐकायचास. एकदा तरी माझी गचांडी धरायची होतीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, 'बाबू, गप, माझी पोर अशीच गेली.' मी गप झालो असतो. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने सगळे नर तुझ्या दारात आणून सोडले असते, वाजंत्री लावून. ते न करता तू पाण्याबद्दल वाद घालत बसलास. दुःख माशांच्या हौदात ठेवून वर घोंगडी गुंडाळणारा असा भित्रा, आतल्या गाठीचा, अहंमन्य माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि ही माणसं तुला मनमिळाऊ म्हणतात.

वहिनींपुढे मी यातलं काही बोललो नाही. चहा घेतला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मी माझे तिन्ही नर डब्यात घातले. ही म्हणाली, 'मुलाकडचे नमले म्हणायचे.' गाडीत डबा मांडीवर धरून बसलो. कामशेतला तुझ्या दारात आलो तेव्हा वहिनी उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांनी डबा पाहिला, आत गेल्या आणि भाकरतुकडा घेऊन बाहेर आल्या. डब्यावरून ओवाळून टाकला. डोळ्यांना पाणीही लावलं, माझ्या. तीन म्हाताऱ्या माशांचा वरबाप म्हणून मी तुझ्या अंगणात उभा होतो आणि रस्त्याने जाणारे लोक बघत होते. तुला हेच हवं होतं ना? मिळालं.

पण पाण्याच्या बाबतीत मी तुझं ऐकलं नाही, हे स्पष्ट सांगतो. कंदील काढला. घोंगडी सोडली. वहिनी हात जोडून म्हणाल्या, 'भावजी, नका हो.' मी म्हटलं, माझ्यावर सोडा. माठभर पाणी अंगणात गार करत ठेवलं आणि दुसऱ्या सकाळी त्यातलं थोडं थोडं हौदात ओतलं. मी चार दिवस तुझ्याच ओसरीवर मुक्काम ठोकला होता. मार्गशीर्षातली थंडी, हात काकडून गेले. वहिनी दाराआड उभ्या, पदर तोंडाशी. तुझ्या पोरींना काही झालं असतं तर मला पुन्हा त्या घरात पाऊल टाकता आलं नसतं, हे मला ठाऊक होतं.

पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या सकाळी माझे म्हातारे एकाएकी सुसाट सुटले. तुझ्या थोरलीच्या मागे लागले, काचेवरून वरखाली, वाळू उडवत. मग तिने एकाच्या पोटाला तोंड टेकवलं आणि दोघं थरथरत क्षणभर स्तब्ध झाली. सुटल्यावर ती संथपणे वर आली. पोटाखालचे दोन्ही पर तिने जोडून धरले होते आणि त्यांच्यामध्ये अंडी होती. काचेची एक जागा तोंडाने चाटून पुसून घेतली आणि अंडी तिथे चिकटवली. मग पुन्हा. मग धाकटीनेही. वहिनी कधी माझ्या शेजारी येऊन बसल्या ते मला कळलं नाही. म्हणाल्या, 'वटी धरल्यावानी धरलीया बघा पोरीनं.'

नंतर त्याच आया ती अंडी खाऊ लागल्या, तो भाग सोडून देतो. मी आणि वहिनींनी मिळून बोटाने एकेक अंडं सोडवलं आणि दुकानातली गोळ्यांची काचेची बरणी आणून त्यात ठेवलं. काही पांढरी पडून कुजली. बाकीच्यांत दोन दिवसांनी काळे ठिपके दिसले. ते डोळे होते. काल सकाळी मी आलो तेव्हा बरणीच्या तळाशी पापणीच्या केसाएवढी पिल्लं वळवळत होती. वहिनींनी त्यांच्या खाण्यासाठी कोंबडीचं अंडं उकडून त्याचा बलक फडक्यातून गाळून ठेवला होता. त्या वेळी मला पहिल्यांदा रडू आलं. तू गेलास तेव्हा आलं नव्हतं, शोकसभेत तर नाहीच नाही. मी तिथेच बसून पोरासारखा रडलो. वहिनींनी मला रडू दिलं आणि चहा टाकायला गेल्या.

मी नर तिथेच ठेवून आलोय. परत न्यायचे नाहीत. घरजावई म्हण, काय म्हणायचं ते म्हण. लोणावळ्यात एक-दोघांना सांगितलं की मासे व्याले, तर 'असं का' म्हणून ते पेपर वाचायला लागले. थंड पाण्यात झालं, सखाराम. मी बरोबर होतो आणि तू ठार चूक होतास, आणि हे ऐकून तोंड वाकडं करणारा एकुलता एक माणूस तूच होतास. तुझ्यावर माझा राग आहे तो आहेच. तू असा गेलास त्याला क्षमा नाही. मला तुझ्यावाचून करमत नाही, हेही लिहून ठेवतो, आता तू ते कुणाला दाखवू शकणार नाहीस म्हणून.

पण मुलाकडचा म्हणून एक निरोप द्यायचं काम माझ्याकडे आहे. तो वेळेवर दिला पाहिजे, आणि मुलीच्या बापालाच दिला पाहिजे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. बाळंतिणी सुखरूप आहेत, सखाराम. पिल्लंही.